वणवा थांबवायचा तर आधी रायमुनिया काढा

मेळघाटात वणव्याचा सरकारी हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनला संपतो. सागाची पानं गळून जमिनीवर वीतभर पाचोळा साचलेला असतो, गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि नेमक्या याच दिवसांत माणसाला जंगलात जावं लागतं. मार्च-एप्रिलात मोहफूल, त्यामागून तेंदूपाना. मोहाखाली फुलं दिसावीत म्हणून पाचोळा पेटवतात, तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून झुडपं जाळतात, गुराख्याला नवं गवत हवं असतं, आणि कुणाची तरी बिडी असतेच. आपल्याकडे आभाळातली वीज वणवा लावते असं फारसं होत नाही. आग माणूसच लावतो, बहुतेक वेळा पोटासाठी.

वनखातं काय करतं? हंगामापूर्वी जाळरेषा काढतं, हंगामी मजूर नेमतं, पाचोळा उडवायला ब्लोअर देतं. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचे संदेश मोबाईलवर येतात. हे सगळं चांगलंच आहे. पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो आणि त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे पावणेचारशे मीटर. संदेश पोचून वनरक्षक डोंगर चढेपर्यंत गवताची आग दुसऱ्या नाल्यात उतरलेली असते. शिवाय या साऱ्या बंदोबस्तात एक गोष्ट मागेच राहते. जळण्यासारखं जंगलात जे साठतं, ते वर्षागणिक वाढतंय त्याचं काय?

त्यातला मोठा वाटा घाणेरीचा. आपण तिला रायमुनिया म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी अमेरिकेतलं हे झुडूप कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलं. आज देशात वाघांच्या मुलखातल्या जंगलांत सुमारे दीड लाख चौरस किलोमीटरवर ते पसरल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि उपासमारीत लावलंच तर कावीळ होऊन मरतात. त्याच्या दाट सावलीखाली गवत उगवत नाही, ऐन-तिवसाचं रोपही तग धरत नाही.

वणव्याशी त्याचं नातं असं. उन्हाळ्यात त्याच्या वाळक्या काड्यांचा भारा उभाच असतो. जमिनीवरची आग त्यावरून शिडीसारखी चढते आणि एरवी पाचोळा जाळून विझली असती ती झाडाच्या फांद्यांपर्यंत जाते. आग गेल्यावर जागा मोकळी होते, ऊन येतं. रायमुनियाची मुळं जमिनीत जिवंतच असतात, पहिल्या पावसात त्यांना पुन्हा फुटवे येतात, आणि पाखरं काळी फळं खाऊन बी टाकत हिंडत असतातच. दोन-तीन वर्षांत ती जागा पूर्वीपेक्षा दाट होऊन पुढच्या आगीला तयार. आगीने रायमुनिया आणि रायमुनियाने आग, हे चक्र अभ्यासकांनी २००५ सालीच मांडून ठेवलं आहे.

याला दुसरी बाजूही आहे. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरातले सोलिगा आदिवासी म्हणतात की, पूर्वी आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत हलकी आग फिरवत होतो, तिने घाणेरीची रोपं मरत. तुम्ही आग बंद केलीत आणि रान घाणेरीने भरलं. यात तथ्य आहे असं आम्हाला वाटतं. थंडीतली, दंव असताना लावलेली आग आणि एप्रिलच्या दुपारचा वणवा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वनखात्याची जाळरेषा तरी काय असते? पट्टा कापून तो वेळेवर, माणसं उभी करून जाळायचा. पण आता रायमुनिया छातीइतकी वाढलेली असताना हलकी आग हलकी राहणार नाही. आधी ती काढलीच पाहिजे. आणि अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे, तेव्हा हा प्रयोग कुणी आपल्या मनाने करू नये.

काढायची कशी, हे महत्त्वाचं आहे. वरून कापली तर दुप्पट फुटते, हे प्रत्येक शेतकऱ्याला बांधावरच्या अनुभवाने ठाऊक आहे. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी वापरलेली पद्धत सोपी आहे. जमिनीखाली चार बोटं जिथून फुटवे येतात तिथे कुदळीने मूळ तोडायचं, झुडूप उलटं करून मुळं वर ठेवायची. पावसाळ्यात, फळं धरण्यापूर्वी. पुढची दोन वर्षं पाखरं बसतात त्या झाडांखाली उगवणारी रोपं उपटायची, आणि मोकळी जागा तशीच न सोडता तिथे गवत आणायचं. इथेच बहुतेक कामं फसतात. पहिल्या वर्षी मजुरी निघते, फोटो निघतो, दुसऱ्या वर्षी तरतूद नसते. मोकळ्या जागेत तरोटा, रानमोडी नाहीतर पुन्हा रायमुनियाच.

गवत येतं, हे मेळघाटातच दिसलं आहे. या शतकाच्या सुरुवातीला कोहा, कुंड, बोरी ही गावं जंगलातून उठून अकोट तालुक्यात गेली. त्यांच्या जुन्या शेतांवर तण काढून मारवेल, शेडा यांसारखी गवतं वाढवली गेली आणि सांबर, गवे तिथे चरायला येऊ लागले. हिरवं गवत आगीला धरत नाही आणि वाळलं तरी त्याची आग कमी उंचीची, झोडपून विझणारी असते. (गावं सोडणाऱ्यांना काय मिळालं, हा हिशेब वेगळा आहे आणि तो मिटलेला नाही.)

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेरचं उदाहरण अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरचं. २०१२ साली गावाला सुमारे १९३ हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यांनी रोजगार हमीतून रायमुनिया काढली, झाडं लावली, राखण केली, सीताफळं विकली. २०१४ साली गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्याला सीताफळाचे पैसे मिळतात तो डोंगर जळू देत नाही, एवढं साधं ते गणित आहे.

मोहाचा आणि तेंदूचा प्रश्नही असाच सुटतो. मोहाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी झाडून काढा, किंवा मध्य प्रदेशात काही ठिकाणी करतात तशी झाडाखाली जाळी बांधा. फूलही स्वच्छ मिळतं, भाव चढा येतो. तेंदूची झुडपं जाळण्याऐवजी खुटकटाई केली तरी नवी पानं फुटतात. पण खुटकटाईला मजुरी लागते आणि काडीपेटीला लागत नाही. ठेकेदार ती मजुरी देतो का, हे ग्रामसभेने करारातच लिहून घ्यावं.

राहिला कायदा. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे जंगलात चराईचा किंवा वनोपजाचा हक्क असलेल्यांनी आणि गावातल्या सरकारी नोकरांनी आगीची खबर द्यायची व विझवायला मदत करायची आहे. तलाठी, ग्रामसेवक, कोतवाल सगळे त्यात आले. वनहक्क कायदा २००६ ने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. सरपंचांनी पावसाळ्यापूर्वीच रायमुनिया काढण्याचं काम आराखड्यात घालावं आणि त्यात दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाच्या खुरपणीची मजुरी धरावी. जाळरेषेची मजुरी मार्चमध्ये मंजूर होऊन उपयोग नाही. ते काम १५ फेब्रुवारीच्या आत संपलेलं असावं लागतं. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत वनरक्षकाला बोलवा आणि मजूर किती, रोज किती, पैसे कधी, हे त्याच्यासमोर इतिवृत्तात नोंदवा.