दिनविशेष : ३० सप्टेंबर, सास्तूरची पहाट

मंडळी, सप्टेंबर महिना लागला की आपल्या मराठवाड्याला दोन तारखा आठवतात. पहिली १७ सप्टेंबर. १९४८ साली १३ सप्टेंबरला भारताची फौज सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने आत शिरली आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. त्या दिवशी आपल्याकडे झेंडावंदन होते, पोरांना खाऊ मिळतो. दुसरी तारीख ३० सप्टेंबर. त्या दिवशी खाऊ नसतो. किल्लारी, सास्तूर, होळी, पेठसांगवी, राजेगाव या गावांत त्या दिवशी म्हातारी माणसे फारसे बोलत नाहीत.

सास्तूर हे तेरणेच्या खोऱ्यातले मोठे गाव. तेव्हा ते उस्मानाबाद जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात होते. आज तालुका लोहारा आहे आणि जिल्ह्याचे नाव धाराशिव. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गावोगाव गणपती बोळवून माणसे उशिरा घरी आली आणि दमून झोपली. पितृपंधरवडा तोंडावर होता. गुरुवार, ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. काही क्षणांत घरे खाली आली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली आणि हजारो जखमी झाली. जनावरे दावणीलाच गाडली गेली. बावन्न गावे अशी मोडली, की ती नव्या जागी वसवावी लागली.

तिथी आणि तारीख यांची वाट वेगळी असते. गणपती विसर्जन दर साली निराळ्या तारखेला येते, ३० सप्टेंबर मात्र हलत नाही. म्हणून ज्या घरातले माणूस त्या पहाटे गेले, त्या घराला वर्षातून दोनदा आठवण येते. एकदा मिरवणुकीचा ढोल वाजतो तेव्हा, आणि एकदा कॅलेंडरचे पान बघताना.

आता मुद्द्याचे बोलू. या भूकंपाचे माप ६.२ होते. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि पुष्कळदा त्यांत इतकी माणसे जात नाहीत. मग इथेच एवढा संहार का झाला? एक कारण म्हणजे हादऱ्याचा उगम जमिनीत फार खोल नव्हता. दुसरे कारण आपल्या डोक्यावर होते. ते म्हणजे माळवद.

माळवदाचे घर आपल्या वाडवडिलांनी विचार करूनच बांधले होते. उन्हाळ्यात ते गार राहते, वर धान्य वाळवता येते, रुंद भिंतीमुळे चोराचे भय नसते. पण भिंत रुंद असली तरी ती एकसंध नव्हती. आतून एक दगडी थर, बाहेरून एक दगडी थर, मध्ये खडे आणि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. त्यात दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायची म्हणून माळवदावर नवी माती पडे आणि जुनी कोणी काढत नसे. आजोबाची माती, बापाची माती, आपली माती असे करता करता दीड-दोन फुटांचा थर झाला. हादरा बसला तेव्हा भिंतीचे दोन थर सुटले आणि ते सगळे ओझे निजलेल्या माणसांवर आले.

ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मजबूत होता, तिथे काही जागी भिंती पडूनही छत उभे राहिले. कुडाच्या आणि पाचटाच्या झोपड्यांतली गरीब माणसे पुष्कळ वाचली, वाड्यांतली गेली. ज्याला आपण पक्के घर समजत होतो ते कच्चे निघाले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आदल्या वर्षी, म्हणजे १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, किल्लारीच्या परिसरात लहान धक्के बसत होते. काही घरांना तडेही गेले होते. पुढे धक्के थांबले आणि माणसे आपल्या कामाला लागली. दख्खनचे पठार म्हणजे भक्कम कातळ, इथे काय व्हायचे आहे, असेच शिकलेले लोकही धरून चालले होते. खरे तर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरने तो समज खोटा पाडला होता. पण कोयना दूर, आपल्याला काय त्याचे, असे झाले. पुढे २००२ साली देशाचा भूकंपाचा नकाशा सुधारला तेव्हा लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातून उचलून तिसऱ्या पट्ट्यात टाकला गेला.

भूकंपानंतर सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने नवी गावे वसवली. त्यांखेरीज लाखाहून अधिक मोडकी घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती. त्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीने गावोगावच्या महिला मंडळांतील बाया संवाद सहायक झाल्या. ज्यांनी तोवर चूल आणि शेत यांपलीकडे फारसे पाहिले नव्हते, त्या दुसऱ्या बायांना भिंत कशी बांधावी, पट्टा कुठे घालावा हे समजावू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी गुजरातेत कच्छला भूकंप झाला, तेव्हा आपल्या लातूर-उस्मानाबादकडच्या बाया तिकडे धीर द्यायला आणि अनुभव सांगायला गेल्या. सास्तूरची पहाट अशी कच्छच्या कामी आली.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. ३० सप्टेंबरला दिवा लावा, हात जोडा आणि मग घराभोवती एक फेरी मारा. पावसाळा सरत आलेला असतो, रब्बीची घाई अजून वाढायची असते. भिंतीला फुगवटा आला आहे का, कोपऱ्यात उभी चीर गेली आहे का, ते पाहा. माळवद असेल तर नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवा. दगडी भिंत नव्याने घालायची असेल तर गवंड्याला आरपार लांब दगड घालायला सांगा आणि दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून घराला चहूबाजूंनी सळईचा काँक्रीट पट्टा फिरवा. पुनर्वसनाच्या घराला वाढीव खोली जोडताना पैसे वाचवायला पुन्हा मातीत दगड रचू नका. झोपायच्या जागेवर, वरच्या फळीवर जड सामान ठेवू नका.

घर पाहावे बांधून, असे आपण म्हणतो. सास्तूरकरांनी ते मोडूनही पाहिले आणि पुन्हा बांधूनही पाहिले. आज तिथली जी माणसे चाळिशीच्या आतली आहेत, त्यांना त्या पहाटेचे फारसे काही आठवत नाही. आठवते ते त्यांच्या आईबापांना. तेव्हा या ३० तारखेला घरातल्या जाणत्या माणसाला पोरांजवळ बसवा आणि माळवद का पडले ते त्याच्याच तोंडून पोरांना ऐकू द्या. पुढचे घर तीच बांधणार आहेत.