इमारतीखालची जमीन, आतली हवा

बोरिवली पश्चिमेला, गोराई खाडीच्या काठी आज गवताने झाकलेली टेकडी दिसते. १९७२ पासून २००७ पर्यंत तिथे मुंबईचा कचरा पडत होता. १९.६ हेक्टर जागा, सरासरी २६ मीटर उंचीचा ढीग, सुमारे २३ लाख टन कचरा! डंपिंग ग्राउंड बंद करताना महापालिकेने नुसती माती लोटली नाही. ढिगाला उतार दिला, पाणी झिरपू नये असे आवरण घातले, विहिरी घेऊन आतला वायू ओढून जाळण्याची सोय केली.

तिथून दक्षिणेला, मालाडच्या चिंचोली बंदर भागात वेगळे घडले. जुन्या डंपिंगच्या परिसरात माइंडस्पेसची काचेची कार्यालये उभी राहिली आणि हजारो तरुण तिथे रात्रपाळ्या करू लागले. पुढे बातम्या येऊ लागल्या त्या संगणक आणि एसी अकाली बिघडत असल्याच्या. सोबत माणसांच्या तक्रारीही होत्या: डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांची जळजळ.

कारण रसायनशास्त्रात आहे. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर थोडा हायड्रोजन सल्फाइडही निघतो. सर्किट बोर्डावरचे तांबे आणि चांदी या वायूने काळी पडतात. माणसाचे नाक त्याला सरावते, धातू सरावत नाही. केबलचे चर, गटारे, पायातल्या भेगा यांतून वायू आडवा सरकत दूरवर पोचतो. धूळ अडवणारे फिल्टर त्याला रोखत नाहीत. त्यासाठी सक्रिय कार्बनसारखे माध्यम लागते.

सर्व्हर बंद पडला की त्याच दिवशी तज्ज्ञ येतो. डोके दुखते म्हणणाऱ्याला मात्र जागरण कमी करायला सांगितले जाते. वातानुकूलन अभियंते आणि फॅसिलिटी मॅनेजर यांनी ही सवय मोडायलाच हवी. इमारतीत आले की त्रास सुरू आणि बाहेर पडले की आराम, या लक्षणसमूहाची दखल जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाने १९८३ मध्येच घेतली होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही वायुवीजनाची जबाबदारी मालकावर टाकली आहे.

उपाय महागडे नाहीत. तांब्या-चांदीच्या पट्ट्या महिनाभर ठेवून गंज मोजण्याची पद्धत सर्व्हर रूमसाठी रुळलेली आहे. तशाच पट्ट्या माणसे बसतात त्या मजल्यावर आणि बाहेरची हवा आत घेणाऱ्या झडपेजवळही लावता येतात. कोणत्या टेबलाशी, कोणत्या वेळी त्रास होतो याची नोंद त्या आकड्यांशेजारी ठेवली, तर दोष कुठे आहे ते शोधणे सोपे जाते. वीजबिल वाचवण्यासाठी ताज्या हवेचा डॅम्पर बंद करणे मात्र अक्षम्य आहे.

मुलुंडचे डंपिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद झाले. सुमारे २४ हेक्टरांवरचा जुना कचरा उपसून ती जमीन मोकळी करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. अशा जागेशेजारी कार्यालय घेणाऱ्याने भाडेकरारावर सही करण्याआधी जमिनीतल्या वायूची तपासणी मागावी, आणि ती पावसाळ्यातही करून घ्यावी, कारण वरची माती भिजून बंद झाली की वायू बाजूच्या तळघरांकडे वळतो.