गट सोडावा, पण आधी गट असावा

मुलींच्या गाणाऱ्या गटातून एखादी बाहेर पडते, स्वतःच्या नावावर गाऊ लागते आणि ऐकणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. जिच्या गळ्यात दम आहे तिने चौघींच्या आड का उभे राहायचे, असे एक तट विचारतो. दुसऱ्याला वाटते की चौघींच्या जिवावर नाव कमावले आणि वेळ येताच पाठ फिरवली. कोरियाच्या 'ब्लॅकपिंक' या गटावरून हा वाद जगभर चालतो, आणि तो नांदेडच्या किंवा लातूरच्या मुलींच्या वसतिगृहातही ऐकू आला तर नवल वाटायला नको. प्रश्न परका नाही. फक्त आपल्याकडे त्याचे उत्तर देताना आपली जमीन पाहावी लागते.

आधी आपल्या देशातले उदाहरण घेऊ. 2002 साली 'चॅनल व्ही'ने 'पॉपस्टार्स' ही स्पर्धा घेतली. कल्पना मूळची न्यूझीलंडची, 1999 मधली. गावोगावच्या मुली ऐकायच्या, निवडक पाच जणींचा गट बांधायचा आणि तो बांधताना सगळ्यांना दाखवायचा. त्यातून 'विवा' उभा राहिला. अनुष्का मनचंदा, नेहा भसीन, सीमा रामचंदानी, प्रतीची महापात्रा आणि महुआ कामत या त्यातल्या पाच जणी. 'हम नये गीत सुनायें' त्या काळी घराघरांत वाजले. अनुष्का लवकरच बाहेर पडली, उरलेल्या चौघींनी दुसरा अल्बम काढला, आणि त्यानंतर गट फार काळ टिकला नाही.

इथे गटाला नावे ठेवणे सोपे आहे. चार मिनिटांचे गाणे आणि पाच गळे. वाद्यांचे तुकडे आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचे धृपद वजा केले, तर एकीच्या वाट्याला अर्धा मिनिटही धड येत नाही. तेवढ्यात कुणाचा गळा कसा आहे हे ऐकणाऱ्याला कळणार कसे? शिवाय गट मुलींनी स्वतः जमवलेला नव्हता, वाहिनीने जमवला होता. नाव वाहिनीचे, गाणी दुसऱ्यांनी ठरवलेली, कपडेही दुसऱ्यांनीच. अशा घरातून बाहेर पडणाऱ्या मुलीला कृतघ्न म्हणणे अन्यायाचे आहे. जे तिचे कधी नव्हतेच, ते तिने मोडले असे कसे म्हणायचे?

पण पुढचा हिशेबही मांडायला हवा. नेहा भसीनचे नाव आज घेतले जाते, पण गट संपल्यावर ते लगेच झाले नाही. तिने तमिळ-तेलुगूत संगीतकार युवन शंकर राजा यांच्याकडे गायले. हिंदीत 'फॅशन'मधले 'कुछ खास' आले ते 2008 मध्ये, म्हणजे 'विवा' उभा राहिल्यावर सहा वर्षांनी. 'धुनकी' 2011 चे. 'सुलतान'मधल्या 'जग घूमेया'च्या तिच्या आवृत्तीला फिल्मफेअर मिळाले, तोवर दीड दशक उलटत आले होते. आणि मला तिच्या वाटचालीतला सर्वांत पक्का भाग यांपैकी एकही वाटत नाही. तो आहे संगीतकार समीर उद्दीन यांच्यासोबत तिने केलेली पंजाबी लोकगीते. घरात ऐकलेली, आई-आजीच्या तोंडची गाणी. तिथे तिला ना वाहिनी लागली, ना चौघींची साथ. नांदेडच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. हुजूर साहिबच्या गावाला पंजाबी चाल परकी नाही, आणि तिथल्या कीर्तनात रागी जत्थ्याने मिळून गाण्यात कुणाचा आवाज लहान होत नाही, हेही हे गाव रोज ऐकते.

म्हणजे बाहेर पडावे असा कौल द्यायचा का? थांबा. फिल्मफेअरपर्यंत पोचली ती पाचांपैकी एक. बाहेर पडण्याचा सल्ला देणारे नेहमी त्या एकीकडे बोट दाखवतात, उरलेल्या चौघींची विचारपूस करत नाहीत. अनुष्काने पार्श्वगायन केले, वाहिनीवर निवेदन केले, आपली जागा तिने मिळवली. पण पाचही जणींना सारखीच वाट मिळाली असे कुणी म्हणणार नाही.

आता लातूरकडे येऊ. 'झी मराठी'च्या 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'मध्ये 2008-09 साली लातूरचा रोहित राऊत गायला. कार्तिकी गायकवाड जिंकली. ती, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित मिळून पाच जणांना महाराष्ट्राने 'पंचरत्न' म्हटले. हा काही मुलींचा पॉप गट नव्हे. तीन मुली, दोन मुलगे, आणि सगळी शाळकरी. पण गट आणि एकटा गळा यांचे नाते इथे जेवढे स्वच्छ दिसते तेवढे 'विवा'मध्ये दिसत नाही. आळंदीच्या कार्तिकीचे अभंग-लोकगीत एका बाजूला, मुग्धा-प्रथमेशचे शास्त्रीय नि नाट्यसंगीत दुसऱ्या बाजूला. आर्या 2017 मध्ये 'ती सध्या काय करते' या चित्रपटात नायिका झाली. रोहितने जोरकस, रॉककडे झुकणारी गायकी धरली आणि 2020 च्या फेब्रुवारीत 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात तो उपविजेता ठरला. त्याच्या नावापुढे लातूर लागले ते हिंदी वाहिनीवरही. मग 2021 मध्ये हेच पाच जण नव्या 'लिटिल चॅम्प्स'च्या परीक्षकांच्या खुर्च्यांवर एकत्र बसले. पाचही जण एकेकटे झाले, तरी कुणी कुणाला सोडून गेले असे आपण म्हणालो नाही. कारण उघड आहे. इथे पहिल्या दिवसापासून पाच नावे होती, आणि गटाचे नाव त्यांच्यावर नंतर चढले. 'विवा'त आधी गटाचे नाव आले आणि पाच मुली त्यात भरल्या गेल्या.

हा फरक आपल्या मातीत फार जुना आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, कुस्त्या, आणि लावणी महोत्सव. तिथे पार्ट्या येतात त्या संगीत बारीच्या. बारी म्हणजे बायकांचाच गट: गाणाऱ्या, नाचणाऱ्या, साथीला ढोलकी, तबला, पेटी. पार्टीचे नाव बहुधा एखाददोघींवरून आणि त्यांच्या गावावरून पडते. वाईच्या यमुनाबाईंनी आपल्या घरातल्या दोघींसह 'यमुना-हिरा-तारा वाईकर' पार्टी चालवली. नावातच तिघी. पुढे यमुनाबाई एकट्या ओळखल्या गेल्या, 1977 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 2012 मध्ये पद्मश्री. कुणी असे म्हणाले नाही की हिरा-ताराला त्यांनी मागे टाकले. अर्थात बारीचे जगही काही साखरेत घोळलेले नाही. नावात जिची जागा नाही ती बाई आयुष्यभर नावाविना नाचते, आणि दौलतजाद्यातला वाटा मालकीण ठरवते. तमाशाच्या फडात हंगामाची उचल घेतलेली बाई मध्येच फड सोडू शकत नाही. ही उचल म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या ऊसतोड घरांना कुणी शिकवायला नको. जुन्या परंपरेतला एकोपा गौरवायचा आणि त्यातली बांधिलकी पैशाची होती हे विसरायचे, असे करता येणार नाही.

माझ्या मते आपल्याकडचा खरा पेच इथून पुढे सुरू होतो. नांदेड-लातूरच्या मुलीसमोर गट सोडायचा की नाही हा प्रश्न उभाच राहत नाही, कारण तिला सोडता येईल असा गटच नसतो. लातूर म्हटले की 'लातूर पॅटर्न', नांदेड म्हटले की नीटचे क्लास. निकालाच्या दिवशी फ्लेक्सवर पहिल्या येणाऱ्याचा फोटो मोठा, बाकीचे खाली टिकल्याएवढे. आपण एकट्याच्या क्रमांकाला सरावलेली माणसे आहोत. दहावीनंतर मुलीचे गाणे बंद होते, आणि बंद होत नसेल तर ती एकटीच कुठल्या तरी लग्नात ट्रॅकवर गाते, सोबत भाऊ किंवा वडील बसून. एखादी कडूबाई खरात एकतारी हातात घेऊन भीमगीते गाते आणि मोबाइलवरून घराघरांत पोचते, ती अपवाद म्हणूनच. अपवादाच्या भरवशावर गावोगावच्या मुलींना कसे सोडायचे?

गटाची बाजू इथे भक्कम होते. मुलीला परगावी कार्यक्रमाला पाठवायला आई तयार होते ती आणखी चार मुली सोबत आहेत म्हणून. गाडीभाडे, साउंड, वादकांचे मानधन पाच जणींत वाटले की एकीच्या अंगावर पडत नाही. आणि शिकणे: दुसरीचा सूर ऐकत आपला सूर लावायला एकटीने गाऊन कुणी शिकत नाही. हे गट आपल्याकडे नाहीत असेही नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात समूहगान असते. सहा गायकांचा संघ असतो, सिनेमाचे गाणे चालत नाही, म्हणून कुणी शाहिरी, कुणी बंजारा चालीवरचे, कुणी कोळीगीत बसवते. कितीतरी संघ फक्त मुलींचेच असतात. महिनाभर तालीम होते, मंचावर टाळ्या पडतात, आणि ढाल कॉलेजच्या कपाटात गेली की संघ संपतो. इतका तयार गट आपण दरवर्षी मोडतो आणि मग वाहिनीवरच्या स्पर्धांची वाट बघत बसतो.

मात्र गट ठेवायचा तर अटींसह. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गायकाच्या सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाला तर त्याच्या मोबदल्यावर गायकाचा हक्क मानला आहे. 2013 मध्ये गायकांनी त्यासाठी आपली संघटनाही उभी केली. हा हक्क प्रत्यक्ष गाणाऱ्याचा आहे, फलकावर छापलेल्या नावाचा नव्हे. पण लातूरच्या स्टुडिओत गाणे रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणाऱ्या मुलीला कुणी हे सांगते का? चॅनल दुसऱ्याच्या नावावर, सुपारी घेणारा तिसराच, आणि पाच जणींना मिळून हातावर ठेवलेली बिदागी. मग भांडण होते, एक जण निघून जाते, आणि आपण तिच्या स्वभावाला दोष देतो. 'ब्लॅकपिंक'च्या चौघींनी 2023 च्या अखेरीस गटाचा करार त्याच कंपनीशी पुन्हा केला आणि स्वतःच्या गाण्यांसाठी आपापली वेगळी व्यवस्था लावली. त्यांच्यातल्या रोझेचे 'आपत' हे 2024 मध्ये जगभर गाजलेले गाणे गटाचे नव्हते, ते तिने ब्रुनो मार्ससोबत गायले, तरी गट शाबूत. तिथे पैसा अफाट आहे, आपल्याकडे नाही. पण कागद करायला पैसा लागत नाही.

तेव्हा बाहेर पडणारीला दोष नको, हे माझे मत स्पष्ट आहे. स्वतःची म्हणावीत अशी दहा-बारा गाणी हातात आल्यावरच तिने बाहेर पडावे, एवढाच तिला सल्ला. उरलेले काम मात्र तिचे नाही. विद्यापीठाने समूहगानात उत्तम ठरलेल्या मुलींच्या संघांना निदान पुढचे वर्षभर जिल्ह्यातल्या कार्यक्रमांना बोलवावे. माळेगावच्या मंचावर लावणीच्या पार्ट्यांबरोबर एक संध्याकाळ या नव्या गटांनाही द्यावी. गणेशोत्सवाच्या आणि जयंतीच्या मंडळांनी सुपारी देताना पत्रिकेत गटाच्या नावाखाली प्रत्येक गाणारीचे नाव छापावे, आणि बिदागी कुणाला किती हे साध्या कागदावर लिहून पाचही जणींच्या सह्या घ्याव्यात.