‘घासफूस’वाल्यांची थट्टा

बकरी ईद जवळ आली की आपल्या व्हॉट्सअॅप गटांत दोन गोष्टी हमखास फिरू लागतात. एक, देवनारला यंदा भाव काय चाललाय. दुसरी, प्राणी हक्कवाल्यांवरचे विनोद. पालकाची जुडी चिरताना हुंदके देणारा माणूस, कोबीला मिठी मारून बसलेली बाई, आणि तो सदाबहार प्रश्न: ‘झाडालाही जीव असतो, जगदीशचंद्र बोसांनी सांगितलंय, मग आता खाणार काय?’ यातल्या एकदोन विनोदांवर आम्हीही हसलो आहोत. एखाद्या विचारावर विनोद झालाच नाही पाहिजे, असं आमचं म्हणणं नाही. पण हे विनोद आपण नेमके कुणावर करतो आणि कशाच्या जागी करतो, हे एकदा नीट पाहायला हवं.

आधी आपल्या बाजूचं. ‘प्राणीप्रेम’ हा शब्द आपल्यापैकी अनेकांपर्यंत पहिल्यांदा पोचला तो हातात काठी घेऊनच. सप्टेंबर २०१५ मध्ये दादरीत मोहम्मद अखलाक यांना गोमांसाच्या संशयावरून घरातून ओढून मारलं गेलं. एप्रिल २०१७ मध्ये अलवरजवळ पहलू खान या पशुपालकाला रस्त्यावर अडवून मारहाण झाली आणि त्यात त्यांचा जीव गेला. महाराष्ट्रात २०१५ साली गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि कित्येक कुरेशी घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा एका रात्रीत गुन्हा ठरला. भाकड, म्हातारा बैल विकून नवा घेणाऱ्या शेतकऱ्याचंही गणित कोलमडलं, पण त्याची बातमी फारशी झाली नाही. अशा घरातल्या पोराने ‘मुक्या जनावरांवर दया करा’ हे वाक्य ऐकून कडवट हसावं, यात नवल नाही. त्याला सभ्यतेचे धडे द्यायला आम्ही बसलेलो नाही.

घोटाळा पुढे होतो. गोरक्षक आणि प्राणी हक्क कार्यकर्ता ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि आपल्या विनोदांत ती एकच होऊन जातात. फरक ओळखायला एक सोपी खूण आहे: हा माणूस ईद सोडून वर्षभर कुठे उभा असतो? जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत ‘पेटा’ होती. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. २०१७ साली चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हजारो तरुण त्याविरुद्ध बसले आणि ‘पेटा’ला परदेशी हस्तक म्हणून शिव्या पडल्या. मे २०२३ मध्ये घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे नवे कायदे वैध ठरवले, शर्यती पुन्हा रीतसर सुरू झाल्या. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत जिवंत नाग खेळवण्याविरुद्ध कोर्टाची पायरी चढलेलेही आहेत. सर्कशीतले हत्ती, चामड्याचे बूट, एवढंच काय, दुधाचा चहासुद्धा यांना खटकतो. म्हणजे गाईला माता म्हणून तिचं दूध काढणाऱ्याचीही हे लोक अडचण करतात. अशा माणसाला दुसऱ्या बाजूचा हस्तक म्हणणं ही आळशी चूक आहे.

२०१४ ची भोपाळची घटना आठवते का? बकरी ईदच्या तोंडावर ताजुल मसाजिदजवळ ‘पेटा’चे काही कार्यकर्ते शाकाहारी ईदचा फलक घेऊन उभे राहिले. त्यांत हिरव्या पोशाखातली एक तरुणी होती, तीही मुसलमान. जमाव अंगावर गेला, धक्काबुक्की झाली, पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं, आणि धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा नोंदला गेला तो निदर्शकांवरच. आमच्या मते ती मोहीम मूर्खपणाची होती. मशिदीच्या दारात, सणाच्या आदल्या दिवसांत, हिजाबाचा वेश करून कुणाचं मन वळत नसतं. हे ठणकावून सांगता येतं, त्यावर व्यंगचित्र काढता येतं. पण एका मुलीभोवती जमाव गोळा होतो तेव्हा विनोद संपलेला असतो. आणि ‘भावना दुखावल्या’ हे कलम आज आपण वापरलं, तर उद्या आपल्यावर लावलं जाताना कोणत्या तोंडाने तक्रार करायची?

मांस न खाणारा म्हणजे ‘तिकडचा’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी अबुल अला अल-मअर्री यांची गोष्ट वाचावी. ९७३ साली सीरियातल्या मअर्रा गावी जन्म. लहानपणी देवीच्या साथीत दृष्टी गेली. पुढे अरबी भाषेतला थोर कवी म्हणून नाव झालं. तिशीच्या सुमारास त्यांनी मांस सोडलं. मग मासे, दूध, अंडी, मधसुद्धा. मधमाश्यांनी स्वतःसाठी साठवलेलं आपण का घ्यावं, असा त्यांचा सवाल. धर्माबद्दलही ते टोकाचं बोलत, त्यामुळे लोकांना ते आवडत नसत, हे खरंच.

म्हातारपणी त्यांना कैरोच्या फातिमी दरबारातले मोठे विद्वान अल-मुअय्यद अल-शीराझी यांची पत्रं आली. मअर्रींनी एका कवितेत वाचकाला आजारी म्हटलं होतं आणि इलाजासाठी आपल्याकडे बोलावलं होतं. शीराझींनी तोच धागा पकडला. मी तो आजारी, तुमच्या दारी आलोय, आता औषध द्या, असा त्यांचा सूर. टोमणा उघड आहे. पण त्याच पत्रांत खरा प्रश्नही आहे: जनावरं जनावरांना खातात, ही व्यवस्था निर्माण करणाऱ्यापेक्षा तुम्ही जास्त दयाळू आहात का? मअर्रींनी उत्तर दिलं, आपलं तुटपुंजं उत्पन्नही कारण म्हणून पुढे केलं. शीराझींनी चांगल्या अन्नाची सोय लावून देण्याची तयारी दाखवली, ती त्यांनी नम्रपणे नाकारली. दोघांचं पटलं नाही. पण टोमणा मारणाऱ्याने प्रश्नही विचारला आणि उत्तराची वाटही पाहिली. म्हणून हजार वर्षांनंतरही ती पत्रं अभ्यासली जातात. २०१३ साली सीरियातल्या यादवीत सशस्त्र टोळक्याने मअर्रींच्या पुतळ्याचं मुंडकं उडवलं. त्यांनी काही विचारलं नव्हतं.

आता तो झाडांचा विनोद. तो हुशार वाटतो, पण युक्तिवाद म्हणून लंगडा आहे. बकरा मोठा होतो तो चाऱ्यावरच. झाडांची एवढी काळजी असेल तर बकरा पाळून खाण्यापेक्षा थेट धान्य खाणं बरं, असं समोरचा लगेच म्हणेल आणि आपण गप्प बसू. झाडं प्रतिसाद देतात हे बोसांनी दाखवलं. पण वेदना वाहून नेणारी मज्जासंस्था आणि मेंदू बकऱ्याला आहे, पालकाला नाही. त्यापेक्षा सरळ बोलता येतं. होय, जनावराला दुखतं. आम्ही ते मान्य करतो, म्हणूनच आमच्याकडे सुरी धारदार ठेवण्याची, ती जनावरासमोर न परजण्याची ताकीद आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस मदरशातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. सूरह अल-अनआममध्ये पशुपक्ष्यांना तुमच्यासारखेच समुदाय म्हटलं आहे, आणि सूरह अल-हुजुरातमध्ये एका समुदायाने दुसऱ्याची टिंगल करण्याला मनाई आहे. ही दुसरी आयत आपण आपली दाढी-टोपी कुणी चिडवली की चटकन आठवतो.

थट्टेमागे थोडी भीतीही असते: हे लोक ईद बंद पाडतील. कायदा काय म्हणतो ते माहीत असलं तर ही भीती बरीच कमी होते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पाठपुराव्यातून आला. त्याच्याच कलम २८ मध्ये म्हटलं आहे की, धर्माने सांगितलेल्या पद्धतीने प्राणी मारणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही. जागा, परवाना, गोवंश यांचे नियम वेगळे आहेत आणि ते पाळायलाच हवेत. पण पाय टेकायला जमीन आहे. ज्याच्या पायाखाली जमीन असते त्याला समोरच्याची नक्कल करून दाखवायची गरज नसते.

आणि मनसोक्त हसायला विषय कमी आहेत का? कबुतरांना दाणे घालणारा आणि मुसलमान भाडेकरू म्हटलं की ‘फक्त शाकाहारी कुटुंबांसाठी’ची पाटी दाखवणारा सोसायटीचा सेक्रेटरी आहे. वर्षभर बिर्याणी मागवून ईदच्या आठवड्यात अहिंसेवर पोस्ट टाकणारा आहे. यांच्यावर जरूर विनोद करा, झणझणीत करा. ते त्यांच्या दुटप्पीपणावर आहेत, दयेवर नाहीत. १८२१ साली ब्रिटिश पार्लमेंटात घोड्यांना मारहाणीपासून वाचवण्याच्या चर्चेत कुणी गाढवांचं नाव काढलं, तर सभागृहात हशा पिकला होता. पुढच्याच वर्षी गुराढोरांच्या छळाविरुद्धचा कायदा झाला आणि त्यात गाढवंही होती.

या ईदला एखादा कार्यकर्ता गटात शिरून प्रश्न विचारेल. तो बहुधा कुर्बानीबद्दल असेल; पण त्यातला अर्धा ट्रकबद्दल असतो. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून दाटीवाटीने कोंबून, भर उन्हात शेकडो मैल आणलेली बकरी, वाटेत पाणी नाही, पाय मोडलेला. त्याला कोबीचं चित्र पाठवण्याआधी आपल्या भागातल्या व्यापाऱ्यांना एवढं विचारा: गाडीत किती बकरी भरता, वाटेत पाण्यासाठी किती वेळा थांबता, आणि उतरवताना फळी लावता की शिंगाला धरून खाली ओढता? जी उत्तरं मिळतील ती त्याला कळवा, आम्हालाही कळवा. आम्ही छापू.