आईने पाणी का प्यायले नाही?

गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर मी, पत्नी आणि माझी ७८ वर्षांची आई असे तिघे भूमध्य समुद्रातील सात रात्रींच्या क्रूझला गेलो होतो. आई निवृत्त इतिहास शिक्षिका. जहाज ट्युनिसला थांबणार हे कळताच तिने होकार दिला. “तीस वर्षं मुलांना हॅनिबल शिकवला, त्याचं गाव एकदा डोळ्यांनी बघू दे,” एवढेच ती म्हणाली.

ट्युनिस शहराचे बंदर म्हणजे ला गुलेत. जहाज सकाळी आठला धक्क्याला लागले आणि चारच्या आत परतायचे होते. तेथून कार्थेज मोटारीने अगदी जवळ. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी ते शहर उद्ध्वस्त केले आणि पुढे त्याच जागी स्वतःचे नगर वसवले. आज दिसते ते बहुतांशी हे दुसरे शहर. समुद्रालगतच्या अँटोनाइन स्नानगृहांपाशी आम्ही सर्वांत अधिक वेळ थांबलो. दुसऱ्या शतकातील या भव्य वास्तूचे आता मुख्यतः तळघरच उरले आहे. खांब आणि कमानी यांवरून वरच्या इमारतीची कल्पना करावी लागते. या नगराला पाणी पुरवण्यासाठी झाघवानच्या डोंगरातून शंभराहून अधिक किलोमीटर लांबीचा जलमार्ग बांधला होता. आई एका दगडावर बसून हे सारे गाइडकडून बारकाईने विचारून घेत होती. मी बाटली पुढे केली, तेव्हा तिने ओठ ओले करून ती परत दिली. “नंतर घेते रे.”

हे ‘नंतर’ माझ्या लक्षात यायला हवे होते. पण माझे मन दुसरीकडे होते. ट्युनिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक शार्ल निकोल हे माझे विद्यार्थिदशेपासूनचे श्रद्धास्थान. टायफसचे रुग्ण रुग्णालयाबाहेर इतरांना आजार देतात, दाखल करून घेणारे कर्मचारी आणि कपडे धुणारे लोकही आजारी पडतात. मात्र रुग्णाला अंघोळ घालून रुग्णालयाचे कपडे दिले की आतल्या वॉर्डात संसर्ग पसरत नाही, हे त्यांनी पाहिले. संसर्ग वाहणारे काहीतरी अंगावरच्या कपड्यांत असणार, असे त्यांनी ताडले आणि १९०९ मध्ये प्रयोगाने ऊ दोषी ठरवली. १९२८ चे नोबेल त्यांना याच कार्यासाठी मिळाले. ती संस्था निदान बाहेरून तरी पाहावी म्हणून मी सर्वांना घाई करत होतो.

वाटेत सिदी बू सईद हे टेकडीवरचे गाव लागते. पांढऱ्या भिंती, निळी दारे, खाली समुद्र. रस्ता मात्र चढाचा आणि फरसबंदीचा. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घेतल्याशिवाय चढू नये. दुपारचा एक वाजला होता. ऊन कडक असूनही समुद्रावरच्या वाऱ्यामुळे घाम अंगावर टिकत नव्हता, त्यामुळे तो किती जातो आहे हे कळतही नव्हते. एका कॅफेत आम्ही चिलगोजे घातलेला पुदिन्याचा गोड चहा मागवला. आईने तो तसाच ठेवला. निघायचे म्हणून ती उठली, टेबलाची कड धरली आणि म्हणाली, “अरे, डोळ्यांपुढे अंधार येतोय.”

तिला जमिनीवर आडवे केले, पाय खुर्चीवर ठेवले. नाडी जलद होती, जीभ कोरडी पडली होती. छातीत दुखत नव्हते, बोलणे स्पष्ट होते, दोन्ही हात सारखे उचलत होती. पत्नीने विचारले तेव्हा उलगडा झाला. सकाळच्या अर्ध्या कप चहाखेरीज आईच्या पोटात पाणी गेलेच नव्हते. रक्तदाबाची गोळी मात्र तिने नेमाने घेतली होती आणि त्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असते. ओआरएसची पाकिटे माझ्याजवळ होती, पण जहाजावरच्या खोलीत! मी कॅफेतून साखर, मीठ आणि एक लिटरची पाण्याची सीलबंद बाटली मागून घेतली. चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ त्यात विरघळवून तिला घोट घोट पाजले.

कॅफेतली एक प्रौढ बाई हे पाहत होती. तिला फ्रेंच आणि अरबी येत होते, आम्हाला दोन्ही नाही. तिने आईकडे पाहिले, मग आतल्या दाराकडे बोट दाखवून खुणेने विचारले. आईने मान हलवली. आणखी अर्ध्या तासाने आई सावरली, तेव्हा ती बाई तिचा हात धरून स्वच्छतागृहापर्यंत घेऊन गेली आणि बाहेर उभी राहिली. जे मला सकाळपासून सुचले नाही, ते तिला एका नजरेत कळले. पाश्चर इन्स्टिट्यूट राहून गेली. आम्ही टॅक्सीने थेट बंदरावर आलो. जहाजावरच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. आडवे असताना वरचा आकडा १२८, उभे केल्यावर १०४.

संध्याकाळी आई म्हणाली, “तीन वर्षं झाली, लघवी आली की थांबवता येत नाही. बाहेर जायचं असलं की मी पाणी पीतच नाही. तुला कसं सांगायचं?”

दवाखान्यात येणाऱ्या वृद्ध स्त्रियांना मी हा प्रश्न न चुकता विचारतो. घरात एकदाही विचारला नव्हता.

वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते आणि पाणी धरून ठेवण्याची मूत्रपिंडांची शक्तीही कमी होते. त्यामुळे ‘तहान लागली की पितील’ हा हिशेब वृद्धांच्या बाबतीत चुकतो. त्यात मूत्रल गोळी, ऊन आणि चालणे यांची भर पडली की उठताना रक्तदाब कोसळतो. परगावी पडून खुब्याचे हाड मोडले तर पुढचे काय सांगावे? घट्ट पिवळी लघवी, कोरडी जीभ, उठताना भोवळ, अकारण गोंधळलेपण या खुणा ओळखाव्यात. कातडी चिमटीत धरून पाहण्याची जुनी परीक्षा वृद्धांमध्ये फसवी ठरते, कारण त्यांची त्वचा मुळातच सैल असते.

सहलीला निघताना गाइडला पहिला प्रश्न स्वच्छतागृहांचा विचारावा, आणि तो आपण विचारावा. वडीलधाऱ्यांवर सोडू नये. मूत्रल गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलता येते का, हे आपल्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवावे. स्वतःच्या मनाने गोळी गाळू नये. शोषक पॅड किंवा चड्डी वापरण्यात कमीपणा नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असून ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र वरचे साखर-मिठाचे पाणी विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेहींनीही आधी विचारून ठेवावे.

मुलगा डॉक्टर असला तरी आईला तपासण्याच्या कामी तो उपयोगी नसतो. पुण्यास परतल्यावर मी तिला एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीकडे पाठवले. लघवीत जंतुसंसर्ग निघाला, त्यावर उपचार झाले. ओटीपोटातील स्नायूंचे व्यायाम ती रोज सकाळी रेडिओ लावून करते. घाई पूर्ण गेलेली नाही, पण बरीच आटोक्यात आहे. मागच्या महिन्यात ती मामाकडे कोल्हापूरला एसटीने गेली. गाडी वाटेत कोठे आणि किती वेळ थांबते, हे तिने कंडक्टरला विचारले आणि मग माझ्यासमोर बाटली उघडून पाणी प्यायली.