हाताचे मोल आणि दुर्मिळतेचा बाजार

हस्तकलेविषयी आदराने बोलण्याची प्रथा अलीकडे रूढ झाली आहे. परंतु हा आदर कारागिराच्या हाताला असतो की वस्तूच्या दुर्मिळतेला, याचा विचार क्वचितच होतो. इलेक्ट्रिक गिटारसाठी हाताने बनविल्या जाणाऱ्या ‘इफेक्ट पेडल’ची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे.

गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्या मध्ये जोडावयाची ही धातूची लहानशी पेटी. पायाने कळ दाबताच तारेचा स्वर पालटतो. कधी घोगरा होतो, कधी भरदार. या प्रकाराचे मूळ एका बिघाडात आहे. अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या एका गीताचे ध्वनिमुद्रण होताना यंत्रातील दोषामुळे स्वर फाटला. १९६१ साली ते गीत प्रसिद्ध झाले आणि फाटका स्वरच लोकांना भावला. १९६२ मध्ये तो मुद्दाम काढून देणारी पेटी बाजारात आली. पुढे कारखान्यांनी असंख्य पेट्या काढल्या. पण कानाचे समाधान न झालेले काही लोक स्वतःच डाख देण्यास बसले.

मॅसॅच्युसेट्समधील बिल फिनेगन हा त्यांपैकीच. चार वर्षांहून अधिक काळ खपून त्याने ‘क्लॉन सेंटॉर’ सिद्ध केले. १९९४ पासून सुमारे पंधरा वर्षांत जवळजवळ एकहाती त्याने आठ हजारांच्या आसपास पेट्या बनविल्या. सर्किट कोणी उतरवून घेऊ नये म्हणून त्यावर त्याने इपॉक्सीचा थर ओतला. तरी ते उलगडले गेलेच. काही शे डॉलरना विकलेली ती पेटी आज हजारो डॉलरना जाते. या वाढीतील पैसाही कारागिराच्या नव्हे, साठा करणाऱ्याच्या पदरी पडतो.

२०१२ मध्ये फिनेगननेच तेच सर्किट कारखान्यात जुळवून ‘केटीआर’ नावाने आणले आणि या हास्यास्पद गाजावाजाचा कर्ता आपण नव्हे, असे पेटीवरच छापले. मग हाताचे मोल ते काय उरले? आमच्या मते, ते डाख देण्यात नव्हतेच. ते त्या चार वर्षांच्या ऐकण्यात होते. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर दोऱ्याचे नव्हे, कानाचे मोल मागतो, तसेच हे.

म्हणूनच नकलेच्या प्रश्नातही विवेक हवा. ज्ञान एकदा उलगडले की ते सर्वांचे होते. गरीब विद्यार्थ्यास स्वस्त पेटी मिळाली, तर त्यात वाईट काही नाही. परंतु कर्त्याचे नाव आणि रूप उचलणे ही निराळी गोष्ट होय. २०२४ मध्ये फिनेगनने एका मोठ्या उत्पादकाविरुद्ध न्यायालयात दावा लावला, तो याच मुद्द्यांवर.

पेडलशी आपला काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध इतकाच की, कारागीर काम करीत असताना त्याला योग्य दाम देणे आपल्या हाती असते. त्याने हात आवरल्यावर त्याची वस्तू कपाटात जपणे हा त्याचा गौरव नव्हे. तो केवळ व्यापार होय.