बोट आणली, तो दिवस कुठाय?

दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीकाठी टी-८० ही युद्धनौका उभी आहे. नौदल संग्रहालयासाठी २०२४ साली ती पाण्यातून कल्याणला आणली. परवा तिच्यासमोर एक बाप खांद्यावरच्या पोराला सांगत होता, "हीच बघ, कराची जाळणारी बोट." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. टी-८० नौदलात आली १९९८ साली आणि कराचीवरचा हल्ला झाला १९७१ च्या ४ डिसेंबरला. त्या बापाला कोण काय म्हणणार? त्याला खरं सांगायची तसदी आपण घेतलीच कुठे? दरवर्षी त्याच तारखेला नौदल दिन आला की या शहरात फ्लेक्स लागतात, पुढाऱ्यांचे फोटो लागतात, घोषणा होतात. १९७१ च्या त्या दिवशी नेमकं काय घडलं, हे एका फ्लेक्सवरही नसतं.

तो दिवस 'कराची जाळली' या दोन शब्दांत कोंबणं हा त्या माणसांचा अपमान आहे. आदल्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या तळांवर बॉम्ब टाकले आणि युद्ध पेटलं. त्याच रात्री विशाखापट्टणमबाहेर पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडाली. ती आली होती आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या शिकारीला. गाझी कशाने बुडाली, यावर आजही एकमत नाही. विक्रांत तोवर अंदमानकडे पाठवलेली होती. तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते, वेग घटला होता, आणि विमानवाहू जहाजावरून विमान उडवायचं तर डेकवर पुरेसा वारा लागतो, तो जहाजाच्या वेगातूनच मिळतो. अशा अधू जहाजावरून ४ तारखेला सी हॉक विमानं उडाली. त्यांनी आधी पूर्व पाकिस्तानातला कॉक्सबाजारचा विमानतळ आणि मग चितगावचं बंदर झोडपलं. तिकडे ढाक्यावर आपली हंटर, सुखोई विमानं पडत होती, वैमानिक मरत होते, पकडले जात होते. त्यांच्या नावाने कल्याणात कोण फ्लेक्स लावतं?

रात्री पश्चिमेला बबरू भान यादव यांच्या हाताखाली निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटी कराचीकडे निघाल्या. मूळच्या त्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी बनवलेल्या रशियन बोटी. त्यांचा पल्ला तोकडा होता, म्हणून सोबत किल्तान आणि कच्छल ही मोठी जहाजं होती, इंधनासाठी पोषक नावाचं तेलवाहू जहाज होतं. निर्घातने सोडलेलं क्षेपणास्त्र अंधारात उजेडाच्या ठिपक्यासारखं येताना खैबर या पाकिस्तानी युद्धनौकेवरच्या लोकांना दिसलं. त्यांना ते विमान वाटलं. विमानविरोधी तोफा चालवल्या, आणि जहाज बुडता बुडता विमानाने हल्ला केल्याचा संदेश पाठवला. शेकडो माणसं त्या जहाजावर मेली. कुणी मारलं हेही त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. हे वाचून ज्याच्या अंगावर काटा येत नाही, त्याने युद्धाच्या घोषणा देऊ नयेत.

वीरने पाकिस्तानी मुहाफिज नौका बुडवली. कराचीतल्या केमारीच्या तेलटाक्यांना आग लावली ती आमच्या क्षेपणास्त्राने की आमच्या हंटर विमानांनी, हा वाद नौदल आणि हवाई दलात पुढे अनेक वर्षं चालला. तोही पोरांना सांगा. वादासकट सांगितलेला पराक्रम कमी होत नाही.

माझी आई तेव्हा डोंबिवलीत होती. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, दिवा लागला की वॉर्डन ओरडायचा. जवळ अंबरनाथचा आयुध कारखाना, त्यामुळे भीती खरी होती. त्या रात्रींतून गेलेली माणसं अजून आपल्या सोसायट्यांत राहतात. त्यांना कोणी जाऊन विचारत नाही.

आता विक्रांतचं काय झालं, ते ऐका. १९९७ च्या जानेवारीत ती निवृत्त झाली. मुंबईत तिचं संग्रहालय झालं. २०१२ साली सुरक्षेचं कारण देऊन ते बंद केलं, मग ती साठ कोटींना विकून २०१४ साली दारूखान्यात तोडायला घेतली. तिच्या लोखंडाची मोटारसायकल निघाली. ज्या जहाजावरून त्या दिवशी सी हॉक उडाली, ते भंगारात काढताना सरकारला लाज वाटली नाही. आणि मालवण? २०२३ च्या नौदल दिनाला तिथल्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पस्तीस फुटी पुतळा उभा केला, तो २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोसळला. समारंभाची घाई केली की हेच होतं.

दुर्गाडीला महाराजांनी आरमाराची सुरुवात केली, म्हणून इथे युद्धनौका शोभते, हे मला मान्य आहे. पण पालिकेला माझं सांगणं एवढंच: त्या बोटीवर ठळक अक्षरांत लिहा की ही १९९८ ची आहे, कराचीला गेलेली नाही. शेजारी ४ डिसेंबरचा तास न् तास मांडा, पूर्वेचाही, आकाशातलाही. आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ पाणबुडी शोधता शोधता पाकिस्तानी हँगोर पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालेल्या आपल्या खुकरी युद्धनौकेला एक अख्खी भिंत द्या. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह अठरा अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. सगळी नावं लिहा. फोटो लावायचे असतील तर त्यांचे लावा, तुमचे नको.